आया सोफियाचा पहिला घुमट वीस वर्षांत का पडला? मॉडेलसाठी मापंही हवीत

ओळंबा_संभाजीनगर

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आम्ही चौघं इस्तंबूलच्या आया सोफियाच्या मधल्या भागाचं १:५० मॉडेल बनवायलोय. नुसतं शोभेचं नको, घुमट का पडला हे लोकांना दिसलं पाहिजे, असं सरांचं म्हणणं.

वाचलंय ते एवढं: निका दंगलीत जुनं चर्च जळालं, सम्राट जस्टिनियनने फेब्रुवारी ५३२ मध्ये नवं काम सुरू केलं, डिसेंबर ५३७ मध्ये पूर्ण झालं. अँथेमियस आणि इसिडोरस हे दोघं रचनाकार. मे ५५८ मध्ये घुमट पडला आणि ५६२ मध्ये आधीपेक्षा उंच घुमट बांधून झाला. पुढं प्रत्येक पुस्तक "भूकंपामुळे पडला" म्हणून मोकळं होतं. इकडं बीबी का मकबरा, खुलताबादचे दर्गे, सगळीकडं घुमट उभेच आहेत. मग तिथंच काय बिघडलं?

विचारायचं असं, की चौकोनावर गोल घुमट बसवायला त्यांनी पेंडेंटिव्ह (कोपऱ्यातला वाकडा त्रिकोण) वापरला त्याची भूमिती काय, चुन्याचा माल कसा होता, आणि मॉडेलमध्ये पडझड खरी वाटेल अशी कशी दाखवायची?

---

चुन्याची_घाणी

मालापासून सुरू करतो, कारण पुस्तकं तिथं दोन ओळींत उरकतात.

तिथला माल म्हणजे आपली चुना-सुर्खीच. तपासण्यांत आयतनाने चुन्याच्या एका मापाला विटांचा चुरा दोन ते चार मापं आढळतो. पण चुरा म्हणजे नुसती भुकटी समजू नका. त्यात पीठही आहे आणि बोराएवढे तुकडेही. चुन्याची रासायनिक क्रिया विटेच्या कणाच्या पृष्ठभागावर होते आणि कडेला सिमेंटसारखं संयुग तयार होतं. म्हणून हा माल नुसत्या चुन्यापेक्षा चिवट निघतो आणि थोडाफार ताणही सोसतो.

आता सांध्यांकडे बघा. वीट साधारण ३७ सेंमी चौरस आणि ४ ते ५ सेंमी जाड, आणि मधला सांधा ५ ते ६ सेंमी! आपल्याकडे एवढा जाड सांधा दिसला तर मुकादम गवंड्याला कामावरून काढेल. बायझंटाइन गवंडी तो मुद्दाम ठेवत. जाड सांध्याने काम झपाट्याने वर चढतं, विटा कमी लागतात, आणि माल पक्का झाल्यावर सगळं एकजीव होतं. अडचण "पक्का झाल्यावर" या दोन शब्दांत आहे. चुना-सुर्खीला पुरती ताकद यायला महिने, जाड कामात वर्षं लागतात. तोवर भिंत उभी दिसते, पण वजन पडलं की हळूहळू सरकते. एवढी प्रचंड वास्तू ५ वर्षं १० महिन्यांत उभी केली, म्हणजे खालचा माल ओला असतानाच वरचं वजन चढत गेलं.

हा आजच्या अभियंत्यांचा कयास आहे असं समजू नका. इमारत उभी राहत होती त्याच काळातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, की उत्तर-दक्षिणेच्या मोठ्या कमानींच्या वजनाने खालच्या स्तंभांचे कपचे उडू लागले. तेव्हा कमानीला टेकलेलं बांधकाम काढून घेतलं आणि ओल सुकल्यावर परत भरलं. श्रेय तो सम्राटाच्या बुद्धीला देतो, ते दरबारी लेखन म्हणून सोडून द्या. कारागिरांना दुखणं कळलं होतं, एवढं त्यातून घ्यायचं. घुमट पेलणाऱ्या चार मुख्य खांबांच्या दगडी सांध्यांत चुन्याऐवजी शिसं ओतलं, हेही तोच सांगतो. शिसं सुकायची वाट बघावी लागत नाही.

---

जुना_वाडा_लातूर

एवढं कशाला खोलात जायचं? ५५३ ला आणि डिसेंबर ५५७ ला भूकंप झाले, पाच महिन्यांत घुमट पडला. सरळ हिशेब आहे.

---

त्रिज्या

@जुना_वाडा_लातूर भाऊ, लातूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाची जड छपरं पडली, त्याच हादऱ्यात हलकी आणि बांधीव घरं बरीच तगली. हादरा कमकुवत जागा शोधतो. ती जागा कोणती, हाच प्रश्न आहे. शिवाय घुमट भूकंपाच्या दिवशी पडलाच नाही. ७ मे ५५८ ला, तड्यांची दुरुस्ती चालू असताना पूर्वेचा भाग कोसळला. खालची वेदी आणि प्रवचनाचा चौथरा चेपला.

@ओळंबा, भूमिती अशी. चौकोनाची बाजू 'अ' धरा. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतून जाणारा अर्धगोल कल्पा, त्याची त्रिज्या कर्णाच्या निम्मी, म्हणजे ०.७०७ अ. चारही बाजूंनी तो उभा कापला की प्रत्येक बाजूला ०.५ अ त्रिज्येची अर्धगोल कमान मिळते. मग कमानींच्या माथ्याला टेकून आडवा कापा. जे चार वाकडे त्रिकोण उरतात ते पेंडेंटिव्ह, आणि वरचं तोंड 'अ' व्यासाचं पूर्ण वर्तुळ. त्यावर घुमट.

मधल्या चौकोनाची बाजू साधारण ३१ मीटर, १:५० ला त्याचे ६२ सेंमी होतात. कमानीची आतली त्रिज्या ३१ सेंमी, पेंडेंटिव्हच्या गोलाची ४३.८ सेंमी, आणि घुमट ज्यावर बसतो ते कडं कमानीच्या बुडापासून ३१ सेंमी वर. खालचा गोल तसाच वर चालू ठेवून घुमट पूर्ण केला तर त्याचा उठाव ०.२०७ अ, म्हणजे जेमतेम १३ सेंमी येतो. पहिला घुमट अशाच बसक्या जातीचा होता. आत्ताच्या घुमटाचा उठाव साधारण १४ मीटर आहे आणि पहिला त्याच्यापेक्षा सहाएक मीटरने बसका होता असं बहुतेक अभ्यासक धरतात. म्हणून मॉडेलला दोन घुमट करा, एक १६ सेंमी उठावाचा, एक २८ सेंमीचा.

"उंची निम्मी केली की रेटा (बाहेर ढकलणारा जोर) दुप्पट" हे सूत्र नोट्समध्ये सापडेल, ते इथं जसंच्या तसं लावू नका. उंच घुमटाचं क्षेत्रफळ जास्त, म्हणजे वजनही जास्त, साधारण १.४ पट. मात्र त्याचं वजन कडेजवळ असतं, त्यामुळे बाहेर ढकलायला भुजा कमी मिळते. जाडी सारखी धरून आणि घुमटाला उभे तडे गेलेत असं मानून हिशेब केला, तर ८ मीटर उठावाचा घुमट १४ मीटरच्या घुमटापेक्षा सुमारे दीड पट रेटा देतो. वजन कमी आणि रेटा जास्त, असं हे उफराटं प्रकरण आहे.

आणखी एक बारकावा. गोल घुमटात माथ्यापासून सुमारे ५२ अंशांपर्यंत आडव्या कड्या दाबात असतात, त्याखाली ताणात. बसका घुमट त्या हद्दीच्या आसपासच संपतो. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या अंगाला फारसं काही होत नाही, सगळं दुखणं तो खालच्या कमानींच्या गळ्यात घालतो. उंच घुमटाच्या बुडाला उभे तडे जाणारच. तिथंच ४० खिडक्या आहेत, त्यांच्या मधून ४० फासळ्या वर जातात. जिथं तडा जायचा तिथं आधीच फट ठेवलेली, म्हणा ना.

---

कमानवाला_परभणी

त्रिज्या दादांनी रेटा सांगितला, मी दिशा सांगतो. माझ्या मते या इमारतीची खरी गोम तिथंच हाय.

आराखडा काढून बसा. पूर्व-पश्चिमेला मुख्य घुमटाला दोन मोठे अर्धघुमट टेकलेत, त्यांना आणखी छोटे. उत्तर-दक्षिणेला अर्धघुमट नाहीत. तिथं मोठ्या कमानी आणि त्यांच्यामागं आडवे टेकू-खांब. साध्या नजरेला वाटतं, पूर्व-पश्चिम भक्कम आणि उत्तर-दक्षिण लंगडं, मग पडेल ते उत्तरेला नाहीतर दक्षिणेला.

झालं उलटं. ५५८ ला पूर्व बाजू पडली. ९८९ च्या भूकंपात पश्चिम बाजू, ती आनी शहरातल्या त्रदात नावाच्या आर्मेनियन रचनाकारानं दुरुस्त केली, ९९४ ला काम पुरं. १३४६ ला परत पूर्व बाजू. तिन्ही वेळा अर्धघुमटाचीच बाजू गेली!

कारण असं. पूर्वेची कमान ईशान्य खांबावरून आग्नेय खांबावर जाते, म्हणजे तिचा गाळा (दोन पायांमधलं अंतर) उत्तर-दक्षिण पडतो. खांब उत्तरेला आणि दक्षिणेला बाहेर झुकले की पूर्व आणि पश्चिम कमानीचे पाय फाकतात. पाय फाकलेली कमान माथ्याला खाली बसते. अर्धघुमट तिला मागून टेकू देतो, पाय धरून ठेवत नाही. उत्तर आणि दक्षिण कमानीचे दोन्ही पाय एकाच दिशेला, एकदमच सरकतात, म्हणून त्या टिकल्या. ओल्या मालात झुकलेले खांब आजही ओळंबा सोडून बघता येतात.

थोरल्या इसिडोरसच्या पुतण्यानं, धाकट्या इसिडोरसनं, नुसता घुमट उंच केला नाही. उत्तर-दक्षिणेच्या कमानी त्यानं आतल्या अंगानं रुंद केल्या, म्हणजे वरचा गाळा चौरसाच्या जवळ आला. आजचा घुमट तीन शतकांचं ठिगळ हाय: उत्तर-दक्षिण भाग सहाव्या शतकाचा, पश्चिम दहाव्या, पूर्व चौदाव्या. पार गोल राहिलेला नाही. बाहेरचे टेकू तर येईल त्यानं लावले. १३१७ ला अँड्रोनिकस दुसऱ्यानं, सोळाव्या शतकात ऑटोमन रचनाकार सिनाननं. १८४७ ते ४९ च्या दुरुस्तीत फोसाती बंधूंनी घुमटाच्या बुडाला लोखंडी साखळी घातली.

---

ओळंबा_संभाजीनगर

बाप रे, दिशेचं तर कुठंच वाचलं नव्हतं. खूप आभार सगळ्यांचे.

दोन शंका. आपल्याकडच्या घुमटांत कोपऱ्यात आडवी कमान दिसते, ती स्क्विंच ना? तिच्यात आणि पेंडेंटिव्हमध्ये रेट्याच्या दृष्टीनं काय फरक? आणि रोड्स बेटावरच्या पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा वापरल्या, हे खरं का?

---

त्रिज्या

विटांचं आधी. एक वीट साध्या विटेच्या बाराव्या हिश्शाएवढी हलकी, हे त्यानंतर काही शतकांनी लिहिलेल्या अद्भुत कथेत येतं. त्याच कथेत शंभर मुकादम आणि प्रत्येकाच्या हाताखाली शंभर मजूर आहेत. तक्त्यावर लिहायचं तर "दंतकथा" म्हणून वेगळ्या चौकटीत लिहा.

स्क्विंच म्हणजे कोपऱ्यावर तिरपी टाकलेली कमान. चौकोनाचा अष्टकोन होतो, मग अष्टकोनावरून गोल गाठायचा. बांधायला सोपी, कारण प्रत्येक कमानीला छोटा ढोला (बांधताना खालून दिलेला तात्पुरता आधार) पुरतो आणि गवंड्याला दुहेरी वाक साधावा लागत नाही. वजन आठ ठिकाणी उतरतं, पण खाली चारही बाजूंना जाड सलग भिंत लागते. पेंडेंटिव्हने वजन चार कोपऱ्यांत जातं, म्हणून मधल्या भिंती जवळपास रिकाम्या ठेवता येतात. आया सोफियाचा तो उजेड आणि मोकळेपणा त्यातून आला, आणि धोकाही त्यातूनच. चार खांबांपैकी एक हलला तरी वरच्या सगळ्याला कळतं.

तुलनेला विजापूरचा गोल घुमट घ्या, १६५६ चा. तिथं आठ कमानी एकमेकींत गुंतवून कडं भिंतीपासून आत ओढलंय. खालचा चौकोन सुमारे ४१ मीटर, घुमटाचा आतला व्यास ३८ च्या आसपास. पुढं आलेल्या त्या बांधकामाचं वजन आत झुकतं आणि घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला काटतं. भिंती तीनेक मीटर जाड. खिडक्यांची हौस कमी, म्हणून व्यास मोठा असूनही दुखणी कमी.

---

कमानवाला_परभणी

आता मॉडेल. पहिली गोष्ट, फेव्हिकॉल लांब ठेवा. चिकटवलं की सगळं एक ठोकळा होतं आणि काहीच पडत नाही. दगड-विटांची रचना उभी राहते का पडते हे मुख्यतः आकारावर ठरतं, म्हणून सुटे ठोकळे कोरडे रचलेलं छोटं मॉडेल मोठ्या इमारतीसारखंच वागतं. मालाची ताकद आणि सुकण्याचा काळ मात्र असा लहान करता येत नाही, ते तक्त्यावर लिहून दाखवा.

कमानीला २५ ठोकळे करा, विषम संख्या म्हणजे माथ्याला चावीचा ठोकळा येतो. प्रत्येक ठोकळा ७.२ अंशांचा, आतली कड ३.९ सेंमी, बाहेरची ४.५, जाडी ५ सेंमी. स्वतःच्या वजनापुरती अर्धगोल कमान साडेतीन सेंमीवर कशीबशी उभी राहील, पण वर घुमट यायचाय, म्हणून ५ च्या खाली जाऊ नका. साचा एकच करून प्लास्टर ऑफ पॅरिसचे ओता, कडा काचपेपरनं सपाट करा. कड गोल झाली की ठोकळा घसरतो आणि कमान रेट्यानं नाही, घसरून पडते. बघणाऱ्याला चुकीचंच कारण दिसतं.

पेंडेंटिव्हचे चार तुकडे वेगळे ओता. घुमट आठ फाकींचा करा, जाडी २ सेंमी. २८ सेंमीचा उंच घुमट १२ ते १३ किलो भरेल, १६ चा बसका ८ ते ९ किलो. आठ फाकी रचताना खालून ढोला लागेलच, थर्माकोलचा गोळा चालतो, पण तो खाली उतरवायची सोय आधी करा. नाहीतर शेवटी अडकतो आणि काढताना घुमट घेऊन येतो.

पाट दोन घ्या. उत्तरेचे दोन खांब एका पाटावर, दक्षिणेचे दोन दुसऱ्यावर. मधे लांब आट्याचा स्क्रू बसवून पाट एकमेकांपासून एकेक मिलिमीटर दूर सरकवा. पूर्व आणि पश्चिम कमानीच्या माथ्याला खालून फट उघडेल, दोन्ही कुशींना (माथा आणि पाय यांच्या मधल्या भागाला) बाहेरून. मग माथा बसायला लागेल. उत्तर-दक्षिण कमानी पूर्ण एकेका पाटावर असल्यानं शांत उभ्या राहतील. अर्धघुमट केले नाहीत तर पूर्व-पश्चिमेला टेकायला विटा ठेवा, नाहीतर घुमट तिकडं आधीच सरकेल. फाकींच्या बुडाला सुती दोरा गुंडाळून एकदा करा, एकदा दोरा कापून. ती फोसातींची साखळी झाली.

खाली जाड गादी आणि समोर काच हवीच. १२ किलो प्लास्टर माणसाच्या पायावर पडू नये.

---

चुन्याची_घाणी

मालाचे नमुने ठेवणार असाल तर आत्ताच लावा, प्रदर्शनाच्या आठवड्यात लावून उपयोग नाही.

कळीचा चुना आणा. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलंत तर उकळी उडते, डोळे जातात, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच. विरलेला चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे ठेवा, मग चाळून खडे काढा. न विरलेला खडा नंतर फुगतो आणि नमुना फोडतो.

सुर्खीसाठी हातभट्टीची साधी लाल वीट निवडा. जास्त भाजून काळपट, काचेसारखी झालेली वीट चुन्याशी जवळपास काहीच क्रिया करत नाही, ती नुसती खडी ठरते. कच्ची पिवळट वीट घेतली तर उरलेली माती चुना खाते. आपल्या काळ्या मातीच्या विटांत चुनखडीचे पांढरे ठिपके असतात, अशी वीट बाजूला काढा. एक माप चुना, अडीच मापं सुर्खी. त्यात निम्मी भुकटी, बाकी हरभऱ्यापासून बोरापर्यंतचे तुकडे. पाणी कमीत कमी.

५ सेंमीचे घनठोकळे करा, निम्मे २८ दिवसांनी दाबून बघा, निम्मे ९० दिवसांनी. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे जस्टिनियनच्या घाईची किंमत, असं तक्त्यावर खुशाल लिहा. नमुने ओल्या गोणपाटाखाली निदान दोन आठवडे ठेवा आणि सावलीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहिल्या दोन दिवसांत माल सुकला तर आतली क्रिया पाण्याअभावी थांबते, वरून टणक दिसतो आणि नखाने भुगा पडतो. मग त्या ठोकळ्यांवर कोणताही आकडा काढू नका, नवे लावा.

---

जुना_वाडा_लातूर

मान्य. एक भर घालतो. आया सोफियाचे खांब बहुतांशी खडकावर टेकलेत, त्यामुळे पाया खचला हे कारण मॉडेलच्या तक्त्यावर टाकू नका. काळ्या मातीत घर बांधणाऱ्या आपल्या माणसांचा पहिला प्रश्न तोच येणार, म्हणून उत्तर तयार ठेवा.